चॅप्टर हाउस पुन्हा उभारताना: ओहायोतून कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

नव्या हाउस कॉर्पोरेशनची, म्हणजे आमच्या चॅप्टरचं (फ्रॅटर्निटीच्या इथल्या शाखेचं) घर बघणाऱ्या माजी सदस्यांच्या कंपनीची, पहिली बैठक आज झाली. इतिवृत्त इंग्रजीत जाईलच, पण माझ्या नोंदी मी मराठीत ठेवणार आहे. इथल्या मराठी घरांतली मुलं आता फ्रॅटर्निटीत, म्हणजे अमेरिकन कॉलेजांतल्या मुलांच्या बंधुसंघटनांत, जाऊ लागली आहेत. आईवडिलांना त्यातलं दिसतं ते एवढंच: सिनेमातला धिंगाणा, नाहीतर बातमीतला मृत्यू. मी शाळेत असताना सांगलीहून इथं आलो आणि १९८८ मध्ये या चॅप्टरचा सदस्य झालो. परक्या देशात मला पहिल्यांदा हक्काचं जेवणाचं टेबल मिळालं ते तिथं. म्हणून हे काम मी मनापासून अंगावर घेतलं आहे.

परिस्थिती अशी. आमचं चॅप्टर २०१२ मध्ये बंद झालं. नव्या मुलांचा छळ झाल्याचं सिद्ध झालं, राष्ट्रीय संस्थेनं सनद काढून घेतली आणि रिकामं घर विकावं लागलं. तो निर्णय योग्यच होता. गेल्या वर्षी सगळ्यांच्या संमतीनं नव्या मुलांनी चॅप्टर पुन्हा सुरू केलं. सनद आली, घर नाही. मुलं गावभर भाड्याच्या खोल्यांतून राहतात आणि बैठकीसाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात खोली मागून घेतात.

घराची जबाबदारी मुलांवर नसते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. मुलगा चार वर्षं राहतो आणि जातो. कर्ज आणि छप्पर त्याच्यानंतर वीस-तीस वर्षं राहतं. म्हणून घर बहुतेक ठिकाणी माजी सदस्यांच्या ना-नफा कंपनीच्या नावावर असतं. तीच घर घेते, विमा उतरवते, मुलांशी भाडेकरार करते. ही रीत जुनी आहे. या संघटना न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ च्या सुमारास आकाराला आल्या आणि बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत चालल्या. फ्रॅटर्निटीचं पहिलं घर मानतात ते १८४६ मधलं, काय साय या संघटनेनं मिशिगन विद्यापीठाजवळच्या रानात उभारलेली ओंडक्यांची झोपडी. यादवी युद्धानंतर कॉलेजांत विद्यार्थी वाढले, वसतिगृहं तेवढी नव्हती. तेव्हा अशी घरं गावोगाव उठली. त्यामागे पैसा आणि सह्या माजी सदस्यांच्या होत्या.

आज ठरलं ते एवढंच: आधी माणसं शोधायची, जागा नंतर.

११ फेब्रुवारी २०२४

खजिनदारांच्या गॅरेजमधून कार्डांचे दोन पत्र्याचे खण मिळाले. प्रत्येक सदस्याचं एक कार्ड. टाइप केलेलं नाव, प्रवेशाचं वर्ष, गाव. त्याखाली वेगवेगळ्या हातांनी पेन्सिलीत लिहिलेलं: ‘नौदलात’, ‘पत्ता बदलला’, ‘बाप झाला’, ‘वारले’. पन्नासच्या दशकातल्या कार्डांचे कोपरे हाताळून हाताळून मऊ पडले आहेत. नव्वदनंतरची कार्डं कोरी करकरीत आहेत, कारण त्यांच्यावर कोणी काही लिहिलेलंच नाही. कुठल्या साली लोक एकमेकांची चौकशी करायचे थांबले, ते खण उघडल्या उघडल्या कळतं.

विद्यापीठाचं माजी विद्यार्थी कार्यालय पत्ते हातात देत नाही; आपला निरोप त्यांच्यामार्फत पोचवतं. राष्ट्रीय संस्थेकडची यादी आहे, पण त्यातले निम्मे पत्ते आईवडिलांच्या जुन्या घरांचे. म्हणून बॅचमागे एक माणूस नेमला. आपल्या बॅचमधल्या प्रत्येकाला त्यानं स्वतः फोन करायचा. पहिल्या फोनवर पैशाचा शब्द काढायचा नाही, असा नियम मी मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. प्रश्न तीनच: कसा आहेस, तुझ्या बॅचमधलं आणखी कोण तुझ्या संपर्कात आहे, आणि तुझ्या हाताला कुठलं काम येतं?

तिसऱ्या प्रश्नावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. वर्गणी मागितली की माणूस धनादेश पाठवतो आणि मोकळा होतो. काम मागितलं की तो परत येतो.

१० मार्च २०२४

फोनांचा हिशेब येऊ लागला. अग्निशमन दलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले १९७१ च्या बॅचचे एक ज्येष्ठ सापडले. ते गावापासून तासाभरावर राहतात. एक वकील, झोनिंगच्या (कुठल्या जागेत काय चालू शकतं या नियमांच्या) कामात मुरलेला. एक प्लंबिंगचा ठेकेदार. एक शाळेचा मुख्याध्यापक. त्याला वाटत होतं, आपल्याकडे द्यायला काही नाही. त्याला मी मुलांचा सल्लागार व्हायला सांगितलं. अठरा-वीस वर्षांच्या मुलांशी खोटं न बोलता कसं बोलावं, हे आमच्यात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सगळे फोन गोड नव्हते. २००९ च्या बॅचमधल्या एकानं सरळ विचारलं, “आम्हाला मारत होते तेव्हा तुम्ही मोठी माणसं कुठं होता?” फोन करणाऱ्यानं मला ते जसंच्या तसं सांगितलं, आणि मी ते बोर्डापुढे जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्या काळातल्या बोर्डानं छपराची आणि बॉयलरची बिलं वेळेवर भरली होती. घरात मात्र वर्षानुवर्षं कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. चॅप्टर बिघडलं ते तिथून, असं माझं ठाम मत आहे. मुलं मुळात वाईट नव्हती. वर बघायला कोणी नाही म्हटल्यावर, एका बॅचनं सोसलं ते पुढच्या बॅचवर दामदुपटीनं निघत गेलं.

त्या सदस्याला मी स्वतः फोन केला. बराच वेळ बोललो. तो बोर्डावर यायला तयार नाही, पण घराचे नियम लिहाल तेव्हा मसुदा आधी मला पाठवा, म्हणाला. पाठवणार.

२१ एप्रिल २०२४

जागा मिळाली. विसाच्या दशकातलं विटांचं तीन मजली घर, कॅम्पसपासून चालत दहा मिनिटांवर. आधी खोल्याखोल्यांनी भाड्यानं दिलेलं होतं. पाया चांगला, जिना एकच, वायरिंग जुन्या पद्धतीचं: चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या उघड्या तारा. ते सगळं काढावंच लागेल. अशा तारांवर विमा उतरवायला कंपन्या तयार होत नाहीत. २४ मुलांची सोय होईल.

१८ जून २०२४

नियोजन आयोगापुढची सुनावणी. या भागात फ्रॅटर्निटी हाउसला सशर्त वापराचा परवाना लागतो आणि शेजाऱ्यांना बोलायचा हक्क असतो. सभागृह भरलं होतं.

शेजारच्या बाई पहिल्यांदा बोलल्या. जुनं घर त्यांच्या मागच्याच गल्लीत होतं. रात्री दोनला हिरवळीवर बाटल्या फुटायच्या, सकाळी त्या त्यांच्या नातवंडांच्या पायाखाली यायच्या. आवाज न चढवता त्यांनी सगळं सांगितलं. आमच्या वकिलाला उत्तर द्यायची घाई होती. कॅप्टनसाहेबांनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि स्वतः उठले. म्हणाले, बाई बोलल्या त्यातलं काहीही मी नाकारत नाही. मग त्यांनी आम्ही काय करू ते एकेक करून सांगितलं आणि ते परवान्याच्या अटींत घालायची विनंतीही स्वतःच केली. घरात राहणारा पगारी, प्रौढ हाउस डायरेक्टर. रात्री दहानंतर बाहेर स्पीकर नाही. गाड्या आवारातच. गावात राहणाऱ्या दोन माजी सदस्यांचे फोन नंबर प्रत्येक शेजाऱ्याकडे, आणि फोन आल्यावर त्यांनी स्वतः जाऊन उभं राहायचं.

ही शेवटची अट वकिलाला फार जड वाटत होती. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. चॅप्टरचे माजी सदस्य देशभर असतात, पण रात्री अकराला दारात येऊ शकतो तो त्याच गावात राहणारा. असे दोघे आम्हाला यादीच्या कामातूनच मिळाले.

परवाना मंजूर. बाहेर पडताना बाईंनी नंबर लिहून घेतला आणि फोन लागतो का ते तिथंच लावून पाहिलं.

१४ जुलै २०२४

पैशाचं आता काढलं. एक गोष्ट प्रत्येक देणगीदाराला समजावून सांगावी लागते, म्हणून इथं लिहून ठेवतो. हाउस कॉर्पोरेशनला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळत नाही. कर कायद्यात आम्ही ५०१(सी)(७), म्हणजे सामाजिक क्लबांच्या रांगेत बसतो. सूट हवी तर पैसे राष्ट्रीय संस्थेच्या शैक्षणिक प्रतिष्ठानाकडे, म्हणजे ५०१(सी)(३) कडे द्यायचे. आणि प्रतिष्ठान ते फक्त शैक्षणिक भागासाठी, जसं की अभ्यासिका, ग्रंथालय, देऊ शकतं. स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, टीव्हीची खोली यांना ते पैसे चालत नाहीत. त्यामुळे दोन खाती, दोन पावत्या, आणि वास्तुविशारदाकडून अभ्यासिकेचं क्षेत्रफळ वेगळं काढून घेतलेलं. खजिनदार यात काटेकोर आहेत. देणगीदाराला पहिल्याच पत्रात हा फरक स्वच्छ सांगितला की तो दुसऱ्यांदाही देतो.

२५ ऑगस्ट २०२४

आजची बैठक लांबली.

दर्शनी भागात चार मोठे पांढरे खांब आणि वर चॅप्टरची अक्षरं, असं एक चित्र १९८० च्या दशकातल्या काही जणांनी काढून आणलं होतं. जुन्या घराला तसे खांब होते. भिंतीवर देणगीदारांच्या नावांचे पितळी फलकही त्यात होते. दुसऱ्या बाजूला स्प्रिंकलरचं, म्हणजे आग विझवणाऱ्या फवाऱ्यांचं काम: रस्त्याखालच्या जलवाहिनीपासून घरापर्यंत मोठी नवी जोडणी, घरातलं पाणी उलटं गावाच्या नळात जाऊ नये म्हणून झडप, प्रत्येक खोलीत, जिन्यात, माळ्यावर फवारे. खांब आणि स्प्रिंकलर दोन्ही पहिल्या टप्प्यात बसत नव्हतं. स्प्रिंकलर पुढच्या वर्षी करू, धुराचे अलार्म आहेत ना, असा सूर निघाला.

कॅप्टनसाहेब तोवर गप्प होते. मग त्यांनी चॅपेल हिलचं सांगितलं. १२ मे १९९६, मातृदिन, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या पदवीदानाचा दिवस. पहाटे तिथल्या एका फ्रॅटर्निटी हाउसला आग लागली आणि पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर त्या गावानं सगळ्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी (मुलींच्या अशाच संघटनांच्या) घरांना पाच वर्षांत स्प्रिंकलर बसवणं बंधनकारक केलं.

“अलार्म माणसाला उठवतो,” ते म्हणाले, “पण शनिवारी रात्री उशिरा झोपलेला वीस वर्षांचा मुलगा उठेलच असं नाही. आणि जिना एकच आहे. पाणी त्याच्या उठण्याची वाट बघत नाही.”

मी स्प्रिंकलर आणि मागच्या बाजूला दुसरा जिना, असा ठराव मांडला. पुढच्या वर्षी म्हणून ढकललेलं काम फ्रॅटर्निटी हाउसमध्ये होत नाही. पुढच्या वर्षी बोर्डच नवं असतं. खांबांचं चित्र आणणाऱ्यांपैकी एकानंच अनुमोदन दिलं आणि खांबांसाठी कबूल केलेली रक्कम जिन्याकडे वळवली. या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. तीस वर्षं मनात जपलेलं चित्र त्यानं शांतपणे घडी घालून खिशात ठेवलं.

१२ ऑक्टोबर २०२४

होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात तो शनिवार. सामन्याआधी माजी सदस्यांना अर्धवट घर दाखवलं. हेल्मेट घालून, दहा-दहांच्या गटानं. भिंती उघड्या, फळ्यांमधून नव्या नळ्या दिसतात. नव्या मुलांनीच सगळ्यांना फिरवलं, कुठली नळी कशाची ते पाठ करून. जुन्या लोकांना गतकाळाच्या गोष्टी सांगायच्या असतात हे खरं, पण आज मुलं सांगत होती आणि म्हातारे प्रश्न विचारत होते. मला हे फार आवडलं.

जेवणाच्या वेळी स्प्रिंकलरच्या ठेकेदाराशी बोलणं झालं. ते अल्फा फाय अल्फाचे सदस्य. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची ही संघटना १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली. पदवीधरांचं त्यांचं पहिलं चॅप्टर केंटकीतल्या लुइव्हिल इथं १९११ मध्ये निघालं. ते म्हणाले, आमच्यातल्या कितीतरी चॅप्टरांना कधीच घर मिळालं नाही, पण मी पंचविशीत होतो तेव्हा आणि आज साठीला टेकलो तेव्हाही पदवीधर चॅप्टरची बैठक चुकवलेली नाही. कॉलेज संपलं म्हणजे सदस्यत्व संपलं, असं आमच्यात कोणी धरतच नाही. मुलांच्या शिष्यवृत्त्या, मतदार नोंदणी, शाळेतल्या पोरांना मार्गदर्शन, सगळं त्या बैठकीतून चालतं.

त्यांचं बोलणं मी नीट लक्षात ठेवलं आहे. आमच्याकडे शंभर वर्षं घर होतं आणि तेवढ्यावर आम्ही सगळे निर्धास्त राहिलो. त्यांच्याकडे घर नव्हतं, म्हणून त्यांनी भेटायची शिस्त घातली. महिन्यातून एक बैठक, ठरलेल्या वाराला, गावात राहणाऱ्या सगळ्यांची: हा ठराव पुढच्या वेळी आणणार.

२४ नोव्हेंबर २०२४

मासिक बैठकीचा ठराव मंजूर. महिन्याचा पहिला मंगळवार. बाहेरगावचे पडद्यावरून. थंडी पडायच्या आत छपराचं काम संपलं. आता आतली कामं.

२९ डिसेंबर २०२४, कोल्हापूर

मामांना भेटायला आलो आहे. पन्नासच्या दशकात ते इथं बोर्डिंगात राहून शिकले. काल त्यांना घेऊन दसरा चौकात गेलो. इथल्या या बोर्डिंगांमुळे कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, आणि ओहायोत ऑक्सफर्ड गावच्या मायॅमी विद्यापीठाला फ्रॅटर्निटींची जननी म्हणतात: बीटा थीटा पाय १८३९, फाय डेल्टा थीटा १८४८, सिग्मा काय १८५५, तिन्ही तिथल्या.

दोन्हींची मुळं अगदी वेगळी, हे विसरून चालणार नाही. तिथं सुरुवात झाली ती शिकायला आधीच पोचलेल्या, बहुतेक सुखवस्तू घरांतल्या मुलांनी एकमेकांना निवडून. इथं शाहू महाराजांनी १९०१ पासून, ज्यांना शहरात राहायला जागाच नव्हती अशा मुलांसाठी दारं उघडली: व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग १९०१, मुस्लिम बोर्डिंग १९०६, तेव्हाच्या अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल १९०८. मोठेपणाचं माप लावायचं तर कोल्हापूरचं काम कितीतरी वरचं.

पण चालवायची पद्धत पाहिली की मला आमच्या कामासाठी खूप काही दिसतं. महाराजांनी जागा दिल्या, मदत दिली, आणि त्या त्या समाजानं वसतिगृह सांभाळावं, त्यातून शिकून गेलेल्यांनी मागच्यांना हात द्यावा, अशी घडी बसवली. मामांना विचारलं, तुम्ही लोक पुढं काय करत होता बोर्डिंगसाठी? ते म्हणाले, “नोकरी लागली की पहिल्या पगारातनं काहीतरी पाठवायचं, ही रीतच होती. आणि सुट्टीत आलो की आत जाऊन मुलांच्या पंगतीला बसायचं. भाकरी कशी आहे ते खाल्ल्याशिवाय कसं कळणार?”

मामांचं हे वाक्य तिकडच्या बोर्डाला सांगणार आहे. आमच्या एकाही कागदात जेवणाचा उल्लेख नाही. दर महिन्याला दोन माजी सदस्यांनी मुलांबरोबर जेवायचं, एवढं कलम घालता येईल.

१९ जानेवारी २०२५

परतल्यावर कळलं की छळाच्या नोंदींचा केंद्रीय कायदा, स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट, २३ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं मंजूर झाला. आता कॉलेजांना छळाच्या घटनांची आकडेवारी वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी लागेल आणि दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती लोकांपुढे ठेवावी लागेल. ओहायोत ऑक्टोबर २०२१ पासून ‘कॉलिन्स लॉ’ आहेच. ओहायो विद्यापीठातल्या कॉलिन वायंट या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या २०१८ मधल्या मृत्यूनंतर तो झाला. बळजबरीनं दारू किंवा अमली पदार्थ घ्यायला लावून गंभीर इजा झाली तर तो आता मोठ्या दर्जाचा गुन्हा आहे. दिसत असून न कळवणं हाही गुन्हा आहे.

योगायोगानं आज रात्री एका आईचा फोन आला. मूळच्या पुण्याच्या, आता क्लीव्हलंडजवळ राहतात. मुलगा आमच्या चॅप्टरमध्ये यायचं म्हणतोय.

“दादा, स्पष्टच विचारते. रॅगिंग असतं का हो तिथं? आपल्याकडे नव्याण्णव साली कायदा झाला तरी हॉस्टेलमधून काय काय ऐकायला येतंच. इथं तर मुलं जिवानिशी जातात.”

मी त्यांना काही गोड गोड सांगितलं नाही. २०१२ मध्ये आमचं चॅप्टर याच कारणानं बंद झालं, हे आधी सांगितलं. मग आता काय आहे ते: नव्या मुलाला प्रवेशापासून पूर्ण सदस्य होईपर्यंत काय काय करायचं त्याची तारखांसह छापील यादी, त्याबाहेर काही सांगितलं तर थेट फोन करायला मुख्याध्यापकांचा नंबर, घरात प्रौढ माणूस, १५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची दारू घरात नाही. ही शेवटची अट नॉर्थ अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्सनं, म्हणजे फ्रॅटर्निटींच्या शिखर संघटनेनं, २०१८ मध्ये ठरवली आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरपासून सदस्य संघटनांना लागू केली. आमच्या घरात तर दारूच नसेल.

“आणि तुम्ही स्वतः जाता का तिथं?” त्यांनी विचारलं.

“महिन्यातून एकदा तरी. मुलांबरोबर जेवायला.” जेवणाचं कलम या महिन्यात मंजूर झालं, म्हणून हे सांगता आलं.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ती यादी मला पाठवा. मी वाचते, त्याचे बाबा वाचतात, मग ठरवू.” असे आईबाप प्रत्येक मुलामागे असावेत. यादी लगेच पाठवली, आणि २००९ च्या त्या सदस्यानं तिच्यात केलेल्या दुरुस्त्यांसह. त्यानं एक ओळ वाढवली आहे: ‘रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत नव्या सदस्याला कुठल्याही कामासाठी उठवायचं नाही.’ ती ओळ त्याला का सुचली असेल, ते विचारायची गरज कोणालाच पडली नाही.

९ मार्च २०२५

१९७८ च्या आधीचं घर, म्हणून रंगात शिसं असणार हे धरूनच काम. खिडक्यांच्या चौकटी प्रमाणित ठेकेदाराकडूनच खरवडून घेतल्या. वेळ लागला, लागू दे.

११ मे २०२५

स्प्रिंकलरची दाब-चाचणी. सगळ्या नळ्यांत पाणी भरून २०० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला २०० पौंड) दाब चढवायचा आणि २ तास काटा हलता कामा नये. कॅप्टनसाहेब मापकासमोर खुर्ची टाकून बसले ते वेळ संपेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर एका सांध्यातून पाझर दिसला. ठेकेदारांनी तो कापून नवा घातला आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी काटा जागचा हलला नाही.

नंतर कॅप्टनसाहेबांनी मुलांना जमवून एक सुटा फवारा हातात दिला. टोकाला बोटाच्या पेरापेक्षा लहान काचेची कुपी, आत लाल द्रव. खोलीतली उष्णता ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की द्रव फुगतो, काच फुटते आणि त्या एकाच फवाऱ्यातून पाणी सुटतं. सिनेमात दाखवतात तसे घरातले सगळे एकदम सुटत नाहीत. मग त्यांनी खिशातून कपड्यांचा एक हँगर काढला. “खोल्यांमध्ये मला सगळ्यात जास्त काय सापडायचं? हा. फवाऱ्याला अडकवलेला, वर ओला कोट. काच फुटली की पाच मिनिटांत खालच्या मजल्यापर्यंत पाणी. आणि कोणी त्यावर रंग फासलाच तर तो पुसायचा नाही, फवाराच बदलायचा.”

मुलांनी तिथल्या तिथं ठरवलं की प्रत्येक खोलीत दाराच्या मागे कोटासाठी खुंट्या हव्यात. आमच्यापैकी कोणाला हे सुचलं नव्हतं. खुंट्या मुलांनीच बसवल्या, त्याच संध्याकाळी.

१३ जुलै २०२५

फर्निचर. १९९४ ची बॅच अभ्यासिकेची टेबलं देते आहे, रोख नव्हे तर स्वतः बनवून. त्यांच्यात दोघं सुतारकाम करणारे. देणगीदारांच्या पितळी फलकांचा विषय पुन्हा निघाला. नावं एका वहीत लिहायची आणि ती अभ्यासिकेत ठेवायची असं ठरलं, रकमा न लिहिता, कामासकट: ‘जिना’, ‘वायरिंग’, ‘सुनावणीला बोलले’, ‘बॅचमधल्या सगळ्यांना फोन केले’. पत्र्याच्या खणातल्या कार्डांची भरही पुन्हा सुरू झाली आहे. मुख्याध्यापकांनी दोन मुलांना ते काम दिलं आहे. एक मुलगा रोज दोन जणांना फोन करतो आणि पेन्सिलीनं लिहितो.

१२ ऑगस्ट २०२५

वापराचा दाखला काल मिळाला. आज मुलं राहायला आली. क्लीव्हलंडच्या बाई मुलाला सोडायला आल्या होत्या. त्यांनी मागचा जिना उतरून पाहिला, दार आतून ढकलून उघडतं का ते पाहिलं, मगच मुलाची उशी गाडीतून काढली. मुलगा मला “काका, बास ना आता” म्हणत होता. मी त्याला म्हटलं, बघू दे त्यांना.

शेजारच्या बाईंना कॅप्टनसाहेब नवा फोन-कागद देऊन आले.

राहिलेली कामं: तळघरातला पंप रात्री मोठा आवाज करतो, ठेकेदार गुरुवारी येणार. पश्चिमेच्या खिडक्यांना जाळ्या. विम्याच्या निरीक्षकाची भेट २२ तारखेला. सप्टेंबरच्या जेवणाला १९७१ आणि २०२३ च्या बॅचमधून एकेक जण. ऑक्टोबरसाठी अजून नावं हवीत. महिन्याची बैठक २ सप्टेंबरला, जेवणघरात, सात वाजता.